विक्रेत्यांचा बसण्याचा हक्क
वस्त्रदालनांच्या व सराफी पेढ्यांच्या मोठ्या साखळ्यांत ग्राहकाला खुर्ची दिली जाते. विक्रेतीने मात्र दिवसभर उभेच राहावे, असा दंडक केरळमध्ये अनेक ठिकाणी होता. गिऱ्हाईक नसताना ती भिंतीला टेकली, तरी पगार कापला जाई. पायांना सूज, कंबरदुखी आणि स्वच्छतागृहाची सोय नसल्याने पाणीच न पिणे, हे ओघाने आलेच. कोळिकोडच्या पी. विजी यांच्या ‘पेनकूट्टू’ या महिला संघटनेने याविरुद्ध लढा दिला. २०१८ मध्ये केरळने दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून सर्व कामगारांसाठी बैठकव्यवस्था सक्तीची केली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. दोन्हींत मेख एकच: कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा बसावे. ती संधी केव्हा आली, हे बहुधा पर्यवेक्षकच ठरवितो.