दिलरसबानूचा संसार

औरंगाबादेस (आजचें छत्रपति संभाजीनगर) येणारा प्रवासी बीबीच्या मकबऱ्याची ताजमहालाशीं तुलना करून परततो. ज्या संसाराची ती खूण, त्याकडे त्याचें लक्ष जात नाहीं.

१६३७ च्या मे महिन्यांत आग्र्यास औरंगजेबाचा विवाह झाला. दख्खनचा हा सुभेदार अवघा अठरा वर्षांचा. वधू दिलरसबानू इराणच्या सफवी राजकुळांतली. पिता शाहनवाजखान बडा सरदार. चार लाखांचा मेहर ठरला. सोयरीक अर्थात् सोयीची. पण गोवळकोंड्यावर चालून जाणारा हा शिपाईगडी घरांत मात्र नमतें घेई! पुढें नातू बेदारबख्ताचें पत्नीशीं बिनसलें, तेव्हां वृद्ध बादशहानें आपलाच दाखला दिला, अशी आख्यायिका ‘अहकाम-इ-आलमगिरी’त आहे : आपली बायकोही मोठ्या तोऱ्याची होती, पण तिचें मन आपण कधीं दुखविलें नाहीं. हाच गृहस्थ बुऱ्हाणपुरीं हिराबाईवर लुब्ध झाला होता, हें आठवून आम्हांस हसूं येतें.

अकबराच्या जन्मानंतर महिन्याच्या आंतच, ८ ऑक्टोबर १६५७ रोजीं, दिलरस औरंगाबादेस वारली. वारसायुद्धांत सासरा जांवयास मिळेना. १६५९ त तो दाराच्या बाजूनें अजमेरजवळ लढतांना पडला. तरीही दोनएक वर्षांत त्याच्याच मुलीचा मकबरा उभा राहिला. कोणी याचें श्रेय पुत्र आझमशहास देतात. तो त्या वेळीं सातआठ वर्षांचें पोर होता! खर्च ६,६८,२०३ रुपये झाल्याची नोंद आहे, आणि दारावर शिल्पी अताउल्लाचें नांव कोरलेलें आहे.