मागेल त्याला काम : एका हमीची कुळकथा

खडी फोडणे, तलावाच्या भिंतीवर माती टाकणे, रस्त्याचा भराव घालणे, यातले एकही काम रोजगार हमी योजनेने नव्याने आणले नाही. महाराष्ट्राच्या अवर्षणी पट्ट्याला ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि लोक त्यांना सरळ ‘दुष्काळी कामे’ म्हणत. म्हणूनच रोहयोची कुळकथा सांगणारे बहुधा 1972 च्या दुष्काळापासून सुरुवात करतात. फार तर इंग्रजांच्या दुष्काळ संहितेपर्यंत मागे जातात आणि ही योजना म्हणजे त्या संहितेचीच सुधारलेली आवृत्ती, असे सांगून मोकळे होतात. हे कूळ अर्धेच खरे आहे. काम संहितेच्या घराण्यातून आले, पण ‘हमी’ त्या घरची नव्हे. त्या घराने तर तिला उंबरठ्याबाहेरच ठेवले होते.

1876 ते 78 चा दख्खनचा दुष्काळ आठवावा. सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यांनी सरकारी खर्च आवरण्यासाठी मजुराला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडी रोकड एवढ्यावर आणले. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 च्या अहवालात पुढच्या संहितांचा पाया घातला. त्यात उपाशी माणसाला काम द्यावे, हे मान्य होते. मात्र गरिबाला मदत मागण्याचा हक्क आहे, हे तत्त्व आयोगाला नको होते. दुष्काळात हा हक्क मानला, तर उद्या तो सर्वकाळ मानावा लागेल, अशी धास्ती आयोगाने अहवालात उघड लिहून ठेवली. त्यामुळे व्यवस्थेची कळ सरकारच्या हाती राहिली. पिकाची आणेवारी, म्हणजे रुपयात किती आणे पीक आले याचा अंदाज, काढायची, ती पुरेशी खाली आली तर टंचाई जाहीर करायची, मग कामे काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची. माणूस उपाशी आहे की नाही, हे रुपयातल्या आण्यांवरून ठरत होते. पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, पण निकाल देणारा हात तोच राहिला. एखाद्या गावात पीक बरे आले आणि तरीही भूमिहीन मजुराला माघ-फाल्गुनात काम उरले नाही, तर या हिशेबात तो दिसतच नसे.

विठ्ठल सखाराम पागे यांनी नेमकी हीच कळ फिरवली. पागे 1960 ते 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, 1965 साली त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. गावात काम मागणारा जो कोणी येईल त्याला काम द्यायचे. आणेवारी कितीही असो. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना सार्वजनिक कामांच्या हमीपाशीच येऊन पोचले होते. 1972 साली योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षी दुष्काळाने तिला गिळले. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती, पण ती टंचाईची कामे होती, हमीची नव्हेत. हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. 1880 च्या आयोगाला ज्याची धास्ती वाटत होती, ते 97 वर्षांनी महाराष्ट्राने कायद्यात लिहिले. ग्रामीण भागातल्या प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले की 15 दिवसांत ते द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हसण्यासारखी आहे आणि ती फारशी कुणाच्या हाती पडलीही नाही. पण संहितेत काम न मिळणे हे मजुराचे दुर्दैव होते. कायद्यात ते सरकारचे देणे झाले. हमी हा शब्द मुळात जामीनकीच्या, देण्याघेण्याच्या व्यवहारातला. इथे तो शब्दशः लागू पडला.

हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर कायद्याच्याही आधी तयार होते. 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसवला. मोटार वाहने, विक्रीकर, ओलिताची जमीन यांवरही वाढीव भार टाकला. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची होती. पगारपत्रकावर ‘पी.टी.’ म्हणून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. यावर एक आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. पैसा मुख्यतः मुंबईचा, घाम भूमिहीनांचा. पण पाझर तलाव, रस्ते आणि विहिरींचे वाढलेले पाणी मिळाले जमीनदाराला. हे खरे आहे. बागायतदारांच्या पाठिंब्याशिवाय असा कायदा विधिमंडळात टिकला नसता, हेही खरे. पण तलावाचे पाणी कुणाच्या शेतात गेले, यावरून हजेरीपटावरची मजुरी खोटी ठरत नाही. अभ्यासक कुमुदिनी दांडेकरांनी या योजनेचा अभ्यास मुळात बायकांच्या रोजगाराची संधी म्हणून केला, तो उगीच नव्हे. स्त्री-पुरुषांना एकच दर देणारे काम त्या काळच्या शेतमजुरीत सहसा सापडत नसे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हमी खरोखर पाळली गेली का? 1988 साली किमान मजुरी जवळपास दुप्पट झाली, म्हणून रोहयोची मजुरीही वाढली. मजुरी वाढली की मागणारे वाढायला हवेत. हजेरी मात्र घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी 1993 मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे यंत्रणेने खर्च सांभाळण्यासाठी कामेच कमी काढली, मागणी अर्जापर्यंत पोचूच दिली नाही. शासनाने टेंपल साहेबांचा हात पुन्हा एकदा उसना घेतला. तरीही हा पुरावा हमीच्या विरोधात जात नाही. संहितेच्या काळात कामे कमी निघाली असती तर तो प्रशासनाचा निर्णय म्हणून खपला असता. 1988 नंतर तो कायद्याचा भंग म्हणून मोजता आला, तो कायद्यात ‘हमी’ हा शब्द होता म्हणूनच. संसदेने 2005 साली देशभरासाठी वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा 15 दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता या दोन्ही कल्पना महाराष्ट्राकडून गेल्या.

या कुळात एक उणीव मात्र पहिल्यापासून आहे. घमेले उचलता येते, त्यालाच हमी. म्हातारा, अपंग, एकटी पडलेली विधवा यांच्यासाठी राज्याने 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली, पुढे वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. नावातच फरक दिसतो. काम करणाऱ्याला हमी, न करू शकणाऱ्याला अनुदान. इथे अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, मग तालुक्याच्या समितीची बैठक कधी भरते याची वाट पाहायची. 15 दिवसांची मुदत नाही, उशीर झाला तर भत्ता नाही. म्हणजे आणेवारीच, फक्त आता पिकाऐवजी माणसाची. पैसा नसतो म्हणून हमी देता येत नाही, हे कारण पटत नाही. 1975 साली हमीसाठी कर आधी बसला आणि कायदा मागून आला. राज्यघटनेच्या 41 व्या कलमात काम, बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व एकाच वाक्यात आहेत. महाराष्ट्राने 1977 साली त्यातला कामाचा भाग कायद्यात आणला. म्हातारपणाचा भाग अजून समितीच्या बैठकीची तारीख लागण्याची वाट पाहतो आहे.