वजनवाढ, मुष्टियुद्धातील
व्यावसायिक मुष्टियोद्ध्याचे वजन लढतीच्या साधारण आदल्या दिवशी होते. घाम गाळून आणि पाणी पिणे कमी करून त्याने वजनगटाची मर्यादा गाठलेली असते. काट्यावरून उतरताच तो गमावलेले वजन भरून काढू लागतो. ही मुख्यतः पाण्याची परतफेड असते. नुसते पाणी लघवीवाटे निघून जाते, म्हणून त्यात मीठ व साखर मिसळून ते थोडेथोडे प्यायले जाते. भात, बटाटे, केळी यांतील पिष्टमय पदार्थांपासून स्नायूंत ग्लायकोजेन साठते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरले जाते. शिरेतून सलाइन घेण्यावर उत्तेजकविरोधी नियमांचे बंधन आहे: वैद्यकीय कारणाशिवाय १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक घेता येत नाही.

खरा धोका वजनांतल्या तफावतीत आहे. २६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कमधील लढतीसाठी आर्तुरो गाती आणि जोई गमाश यांना १४१ पौंडांची मर्यादा होती. प्रत्यक्ष लढतीच्या वेळी गाती सुमारे १६० पौंडांचा झाल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले गेले. दुसऱ्याच फेरीत गमाश कोसळला; मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधी लढला नाही. गटांची रचना ज्या समतेसाठी झाली, तीच अशा लढतीत नाहीशी होते. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघाने (आयबीएफ) विजेतेपदाच्या लढतींसाठी दुसरे वजन ठेवून वाढ १० पौंडांवर रोखली, ती योग्यच. ऑलिंपिकमध्ये मात्र लढतीच्या दिवशी सकाळीच वजन होत असल्याने एवढी वाढ साधत नाही.