गाविलगडची सहल आणि आपल्या गावचा तह

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या २५ वर्षांच्या हिशेबावर लिहा, असे सेक्रेटरींनी सुचवले होते. पण हिशेब लिहिण्यात बँकेत उभा जन्म गेला. म्हणून या वेळी जरा वेगळा विषय घेतो.

गेल्या डिसेंबरात आपली सहल गाविलगडला गेली, ती अनेकांना आठवत असेल. पथ्रोट, परतवाडा करत बस घाट चढली. चिखलदऱ्याच्या थंडीत चहा झाला आणि मंडळी गडावर निघाली. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ मध्ये हा किल्ला बांधवला. पुढे अचलपूरला राजधानी करणाऱ्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याने तो मजबूत केला. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा. दिल्ली दरवाज्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पाहिला की ते नाते लक्षात येते. मुलांनी त्याच्याखाली भरपूर फोटो काढले.

तटावर बसून मी मुलांना १८०३ सालची हकिगत सांगितली. २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोटकडच्या अडगावला पुन्हा हरल्या. उरला गाविलगड. इंग्रजांच्या एका तुकडीने डोंगरातून वाट काढत, तोफा अक्षरशः हाताने ओढत उत्तरेच्या बाजूने वर आणल्या. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला. त्यात कटक गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूखही गेला. हा मुलूख पुढे निजामाकडे आला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले.

"मग शिंद्यांनी कुठी तह केला, आबाजी?" नातवाने विचारले.

"आपल्या गावात," मी म्हणालो.

"आपल्या? ती जागा दाखवा ना मंग!"

इथे माझी पंचाईत झाली. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या वतीने जो तह झाला, तो इतिहासात सुर्जी-अंजनगावच्या तहाच्या नावानेच ओळखला जातो. समोर जनरल आर्थर वेलस्ली होता. गंगा-यमुनेमधला दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळ्यावर शिंद्यांनी पाणी सोडले. दिल्ली सप्टेंबरातच इंग्रजांनी घेतली होती. बादशहा शाहआलमवरचा शिंद्यांचा हक्क या कागदाने संपला. महादजींनी कमावलेले ते वजन शहानूरच्या काठी उतरवले गेले. पण हा तह झाला छावणीत. तंबू उठले आणि मागे काहीच उरले नाही. गडाला तट आहे, दरवाजा आहे, तोफा आहेत. आपल्याकडे फक्त गावाचे नाव आहे.

परत येताना बसमध्ये मी म्हटले, सोसायटीच्या फाटकापाशी तहाची माहिती देणारा एक छोटा फलक लावू. मागच्या सीटवरून एक स्नेही लगेच बोलले, "भाऊ, हरल्याचा बोर्ड कायले लावाचा? पानमळ्याचा लावा, पानपिंपरीचा लावा. नाहीतर देवनाथ मठाचा लावा." बस हसली. मीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे, असेही मला वाटत नव्हते.

मग मनात आले ते असे. खातेवहीत जमेची बाजू असते, तशी नावेचीही असते. नावेची पाने फाडून ताळेबंद जुळत नाही. जिंकलेल्यांनी तर काहीच टाकून दिले नाही. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. लंडनमधले त्याचे अॅप्सली हाउस आज संग्रहालय आहे. दख्खनमधल्या त्याच्या सहकारी अधिकाऱ्यांनी भेट दिलेली, सोन्याचा मुलामा चढवलेली चांदीची भांडी तिथे मांडून ठेवली आहेत. त्या ताटवाट्या आपल्याच मुलखातल्या मोहिमेची आठवण आहेत. त्या पाहायला लोक तिकीट काढून जातात, आणि आपला पोरगा आपल्याच गावात विचारतो, जागा कुठी आहे?

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा एकदा प्रस्ताव मांडतो. फलक साधा असावा. त्यावर तारीख, दोन्ही पक्षांची नावे आणि गेलेल्या मुलखाची यादी एवढेच असावे. जयजयकार नको आणि रडगाणेही नको. खर्च माझ्या पेन्शनमधून करीन, सोसायटीच्या फंडाला हात लावायचा नाही. मजकूर मुलांनीच लिहावा, आम्ही म्हातारे फक्त शुद्धलेखन तपासू. बसमधल्या त्या स्नेह्यांना खास विनंती, त्यांनी पानमळ्याचाही एक फलक शेजारी जरूर लावावा. ३० डिसेंबरला संध्याकाळी दोन्ही फलकांसमोर चहा घेऊ.