विदा विश्लेषण व दृश्यांकनाचे उन्हाळी प्रशिक्षण

विदा विश्लेषण व दृश्यांकनाचे उन्हाळी प्रशिक्षण हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सुट्टीत घेतला जाणारा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम असून त्याला बहुधा आंतरवासितेची (इंटर्नशिप) जोड असते. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी आकडेवारी म्हणजेच विदा मिळवणे, तपासणे व आलेखांतून मांडणे शिकतो. आंतरवासितेत हेच काम तो एखाद्या संस्थेच्या प्रत्यक्ष विदेवर करतो.

पार्श्वभूमी

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आंतरवासिता अनिवार्य केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तिच्यावर भर दिला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) आणि यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय (स्थापना १९९६) ही अभियांत्रिकी शिक्षणाची प्रमुख केंद्रे आहेत. मोठे उद्योग मुख्यतः पुणे, मुंबई व नागपूर येथे असले, तरी विदा विश्लेषणाचे काम संगणक व इंटरनेटच्या साहाय्याने दूरूनही करता येते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

प्रशिक्षणाचा आरंभ साधारणतः एक्सेलसारख्या तक्ता-प्रणालीने होतो. त्यानंतर विदासंचातून माहिती काढण्यासाठी एसक्यूएल, विश्लेषणासाठी पायथन ही संगणकीय भाषा व तिचे पांडाज हे ग्रंथालय, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब आणि डॅशबोर्डसाठी टॅब्लो किंवा पॉवर बीआय शिकवले जाते.

दृश्यांकनाचे महत्त्व सांगताना इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँन्सकोम यांचे १९७३ मधील उदाहरण दिले जाते. त्यांनी दिलेल्या चार विदासंचांची सरासरी, प्रचरण व सहसंबंध जवळजवळ सारखे आहेत. आलेख काढल्यावर मात्र चारही आकृत्या पूर्णपणे भिन्न दिसतात.

सरावासाठी अनेकदा तयार विदासंच वापरले जातात. आयरिस वनस्पतीच्या तीन प्रजातींतील १५० फुलांची मोजमापे हा त्यांपैकी प्रसिद्ध संच आहे. असे संच आधीच स्वच्छ केलेले असल्याने विदा शुद्धीकरणाचा सराव त्यांतून फारसा होत नाही.

जिल्ह्याच्या विदेवरील सराव

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून जिल्ह्यात १६ तालुके आहेत. तालुकानिहाय तक्ते एकत्र करताना नावांचा प्रश्न उद्भवतो. केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा असल्याने एकाच तालुक्याची नोंद दोन नावांनी आढळू शकते; झरी जामणीचे लेखनही निरनिराळ्या प्रकारे होते. ही नावे एकरूप न केल्यास संगणक त्यांना स्वतंत्र तालुके समजतो व बेरीज चुकते.

कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक आहे. केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर बाजार समित्यांमधील शेतमालाची आवक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. दरांची साधी सरासरी काढल्यास अल्प आवकेच्या दिवसालाही मोठ्या आवकेच्या दिवसाइतकेच वजन मिळते. त्यामुळे आवकेनुसार भारित सरासरी घेणे योग्य ठरते.

शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी हा याहून गंभीर विषय आहे. महाराष्ट्रात मदतीसाठी प्रकरणे ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागली जातात आणि पात्र प्रकरणी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात मात्र २०१४ पासून शेतकरी व शेतमजूर यांची स्वतंत्र वर्गवारी आहे. दोन्ही ठिकाणी मोजणीचे निकष वेगळे असल्याने त्यांचे आकडे एकाच आलेखात थेट जोडता येत नाहीत. केवळ पात्र प्रकरणांचा स्तंभालेख ‘एकूण आत्महत्या’ या शीर्षकाखाली दिल्यास अपात्र ठरलेले मृत्यू चित्रातूनच नाहीसे होतात.

मूल्यमापन व मर्यादा

प्रशिक्षणाच्या शेवटी विद्यार्थी प्रकल्प अहवाल सादर करतो. विदेचा स्रोत, कालावधी, व्याख्या, वगळलेल्या नोंदी व त्यांची कारणे अहवालात नमूद केली, तर निष्कर्ष इतरांना पडताळता येतात. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात साधनांची ओळख होते. परंतु संख्याशास्त्राचा पाया व विषयाचे ज्ञान यांसाठी पुढील अभ्यास आवश्यक असतो. अनेक अभ्यासक्रम सशुल्क असतात व केवळ उपस्थितीवर प्रमाणपत्र देतात. अशा प्रमाणपत्रावरून विद्यार्थ्याचे विश्लेषण-कौशल्य सिद्ध होत नाही.