नृत्यप्रिल्यूड (लुतोस्वाफ्स्की)

नृत्यप्रिल्यूड (पोलिश नाव : प्रेलुद्या तानेच्ने) ही पोलिश संगीतरचनाकार विटोल्ड लुतोस्वाफ्स्की (२५ जानेवारी १९१३ – ७ फेब्रुवारी १९९४) यांची पोलिश लोकधुनांवर आधारित पाच भागांची रचना आहे. १९५४ साली ती क्लॅरिनेट व पियानो यांच्यासाठी लिहिली गेली. लुतोस्वाफ्स्की यांनी १९५५ साली क्लॅरिनेट व चेंबर वाद्यवृंदासाठी आणि १९५९ साली नऊ वाद्यांसाठी तिची पुनर्मांडणी केली. सादरीकरणास सुमारे दहा मिनिटे लागतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये समाजवादी वास्तववाद हे कलेचे अधिकृत धोरण झाले. संगीत सामान्य जनतेला सहज कळेल असे असावे, अशी शासनाची अपेक्षा होती. लुतोस्वाफ्स्की यांची पहिली सिंफनी रूपवादी ठरवली गेली. लोकसंगीतावरील रचनांना मात्र मान्यता होती. चेंबर वाद्यवृंदासाठी लिहिलेली ‘छोटी स्वीट’ (१९५०) व ‘वाद्यवृंदासाठी कन्चेर्टो’ (१९५४) या त्यांच्या रचना याच काळातील आहेत.

स्वरूप

पहिला, तिसरा व पाचवा भाग जलद लयीचा, तर दुसरा व चौथा संथ आहे. धुना साध्या असल्या तरी त्यांची मांडणी साधी नाही. दोन व तीन मात्रांचे गट एकामागून एक येत असल्याने आघाताची जागा सतत बदलते. काही ठिकाणी क्लॅरिनेट व साथ यांचे मात्रागट एकाच वेळी निरनिराळे असतात.

पुनर्मांडणी

१९५५ च्या आवृत्तीत क्लॅरिनेटच्या साथीला तंतुवाद्ये, हार्प, पियानो व तालवाद्ये आहेत. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो, तर गजाने वाजणारी तंतुवाद्ये तो हवा तितका वेळ धरून ठेवू शकतात. नृत्याच्या ठेक्याला लागणारा टोकदार आघात पियानो, हार्प व तालवाद्ये देतात. क्लॅरिनेटखेरीज दुसरे एकही सुषिरवाद्य नसल्यामुळे धून साथीपासून स्पष्टपणे वेगळी ऐकू येते. ही आवृत्ती १९६३ साली इंग्लंडमधील ऑल्डबरो महोत्सवात सादर झाली. जर्व्हेस द पेयर यांनी क्लॅरिनेट वाजवले, तर वाद्यवृंदाचे संचालन बेंजामिन ब्रिटन यांनी केले.

१९५९ च्या आवृत्तीत बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास ही वाद्ये आहेत. येथे क्लॅरिनेटचे एकल स्थान उरत नाही. धून वाद्यावाद्यांत वाटली जाते आणि तालवाद्यांवाचून ठेका सांभाळण्याची जबाबदारी सर्वांवर येते.

महत्त्व

लुतोस्वाफ्स्की यांनी या रचनेला लोकसंगीताचा निरोप म्हटले. ‘शोकसंगीत’ (१९५८) या रचनेत ते बारा स्वरांच्या पद्धतीकडे वळले होते. तरीही पुढच्याच वर्षी त्यांनी नृत्यप्रिल्यूडची तिसरी मांडणी केली. ज्या लोकधुनांचा स्वीकार काळाच्या दडपणाखाली झाला होता, त्यांच्याकडे दडपण ओसरल्यावरही ते परतले, हे या रचनेच्या इतिहासातून दिसते.