सापुताऱ्याच्या वाटेवरची तीन गावं

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत दोन दिवसांच्या सहलीचा विषय निघाला, की सापुताऱ्याचं नाव येतंच. अंतर सुमारे 300 किलोमीटर. तळं, रोप-वे, सूर्यास्ताची जागा, झाली यादी! माझं म्हणणं एवढंच, की या यादीत वाटेवरची तीन गावं घालावीत.

पहिलं सोनगड. सुरत-धुळे रस्त्यावरच्या या डोंगरी किल्ल्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पिलाजीराव गायकवाडांनी आपलं ठाणं मांडलं. 1732 मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला आणि दोन वर्षांनी वडोदरा गायकवाडांकडे आलं ते कायमचं. आपली दांडिया बाजारातली मराठी वस्ती ज्या राज्याच्या आधारानं वाढली, त्याचं जुनं घर हे. ‘तिथं काय बघायचंय?’ असं मुलं विचारतात. त्यांना हेच सांगायचं.

दुसरं आहवा, डांग जिल्ह्याचं मुख्य गाव. या जंगलातल्या सागावर इंग्रजांचा डोळा होता, कारण मुंबईत जहाजं बांधायला लाकूड हवं होतं. 1842 मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. बदल्यात वर्षाला ठरावीक रक्कम. इंग्रज गेले, संस्थानं गेली, संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. पण डांगच्या पाच राजांना होळीआधीच्या डांग दरबारात आजही सरकार मानानं सालियाना देतं. रक्कम मोठी नाही, पण हे जंगल कुणाचं होतं याची ती दरवर्षीची कबुलीच म्हणायची.

आहव्याच्या बाजारात जरा कान देऊन उभं राहावं. डांगी बोली मराठी माणसाला बरीचशी कळते. म्हणूनच राज्यांची वाटणी होताना डांगवर महाराष्ट्रानंही हक्क सांगितला होता. 1960 मध्ये तो गुजरातेत गेला. भांडण दोन भाषांचं झालं, आणि डांगी माणसाला तिसऱ्याच्या घरातल्या पाहुण्यासारखं बसावं लागलं.

तिसरं वघई, हे परतीच्या वाटेवर. बिलिमोऱ्यापर्यंतची 63 किलोमीटरची छोटी गाडी गायकवाडी राज्यानं 1913 साली सुरू केली, ती मुख्यतः लाकूड खाली आणायला. म्हणजे इंग्रजांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येत नाही. त्या सागाच्या वाटेवर आपल्या राज्याचेही रूळ होते.

तेव्हा बेत असा करावा: पहाटे निघून सोनगड, दुपारी आहवा, सूर्यास्ताआधी जेवणारी मंडळी सोबत असतील तर उजेड असतानाच सापुतारा. दुसऱ्या दिवशी वघईला अंबिका नदीवरचा गिरा धबधबा आणि मग घर. वाटेत कुठे नागलीची भाकरी मिळाली तर बसून खावी, आणि वाढणाऱ्या बाईला तिचं गाव विचारावं.

सापुताऱ्याला एक तास कमी मिळेल. मिळू दे.